रेवीला सोलापूर दाखवलं, तो पौष

ज्वारीच्या कणसांत दूध भरायला लागलं की मला सोलापूर आठवतं. तसं पाहिलं तर कणसांचा आणि त्या शहराचा काय संबंध? तिथं गिरण्यांची धुराडी आहेत, भोंगे आहेत, टांग्यांचा खडखडाट आहे. पण मी ते शहर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या वळसंगच्या शिवारात कणसं नुकती भरत होती, आणि परत आले तेव्हा हुरडा खायच्या जोगी झाली होती. मधे फक्त पाच दिवस. नातेपुत्याला येऊन आता मला नऊ वर्षं झाली. इथली ज्वारीही तशीच डोलते. पौषातलं ते कोरडं, ओठ फोडणारं वारं सुटलं की दर वर्षी मन त्या पाच दिवसांकडं जातं. सुखानं जातं असं नाही. दुखऱ्या दाताकडं जीभ जाते तसं जातं.

यंदा निमित्त घडलं ते असं. आमचे हे इथल्या शाळेत मास्तर, आणि मीही मुलींच्या शाळेत शिकवते. संक्रांतीच्या आधी एका सकाळी हे म्हणाले, “पोरांना एकदा सोलापूर दाखवून आणू. रेवीकडं उतरू. पण शहर म्हणजे पाऊल टाकलं की खर्च. फुकटात बघण्यासारखं आहे तरी काय तिथं?”

मी भाकरी थापत होते. हात न थांबवता सांगत सुटले. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मासे बघायचे. किल्ल्याच्या तटाखालून चालत जायचं. विणकरांच्या गल्लीत रंगवलेलं सूत वाळत घालतात ते बघायचं. गिरणी सुटायच्या वेळी फाटकासमोर उभं राहायचं. पुलावरून आगगाडी बघायची, कठड्याच्या फटीतून, म्हणजे धूर डोळ्यांत जात नाही. पेठेत एका दुकानात तबकडीचं गाणं लावतात, ते समोरच्या ओट्यावर बसून ऐकायचं, तिथून कुणी उठवत नाही.

हे बघतच राहिले. “तुला एवढं सगळं कसं माहीत? कधी बोलली नाहीस ती.”

तव्यावरची भाकरी करपली. रेवी माझी धाकटी बहीण, ती सोलापुरात मावशीकडं वाढली, एवढं यांना लग्नापासून ठाऊक होतं. ती तिकडं कशी गेली, हे मी कधी सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि रेवी पाचची. आम्ही दोघीच. आमच्या भागात कानडी दारापर्यंत आलेली, त्यामुळं आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि वडिलांना आप्पा. मला रेवी अक्का म्हणायची. तिच्या तोंडी तो शब्द दिवसातून शंभरदा यायचा. अक्का, हे बघ. अक्का, थांब की. अक्का, माझा पाय पोळतोय. ती चालायला शिकली ती माझं बोट धरून, आणि पुढं गरज संपली तरी बोट तिनं सोडलं नाही. विहिरीवर, रानात, देवळात, कुठंही गेलं तरी माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट तिच्या मुठीत असायचं. त्या बोटानं मला साधी फुलं खुडायचीही पंचाईत.

अव्वाची धाकटी बहीण शेवंतामावशी सोलापुरात असायची. काका गिरणीत मागावर कामाला, आणि चाळीत त्यांची एक खोली. मावशीला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. एक जन्मताच, एक सव्वा महिन्याचं होऊन, आणि तिसरं पुन्हा जन्मताच. त्या तिसऱ्या वेळी अव्वा तिच्याजवळ होती. रेवी तेव्हा अव्वाच्या पोटात होती. मावशी भिंतीकडं तोंड करून पडलेली, रडतसुद्धा नव्हती. अव्वाला ते बघवेना. तिनं मावशीचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, “शेवंते, ह्ये तुझं. मुलगा हू दे न्हायतर मुलगी, ह्ये तुझं.”

माणूस दुसऱ्याच्या दुःखापुढं काय बोलून बसतं! पुढं रेवी झाली. तिला छातीशी धरल्यावर अव्वाच्यानं ती देववेना. एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. मावशीनं एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. फक्त दर दिवाळीला तिच्याकडून रेवीसाठी एक परकर-पोलकं यायचं, हातानं शिवलेलं. वर्षभर रेवी तिच्या नजरेला पडलेली नसायची, तरी माप बरोबर असायचं. ते कपडे आले की अव्वा दिवसभर रेवीला जवळून हलू द्यायची नाही.

मग एका लग्नात मावशी आणि रेवी भेटल्या. जेवणं झाल्यावर रेवी मावशीच्या मांडीवर झोपून गेली. दुपारपासून दिवे लागेपर्यंत मावशी मांडी न हलवता बसून होती. उठायची वेळ आली तेव्हा तिला उभंच राहता येईना, पाय मेलेला. ती हसून म्हणाली, “लई दिसांनी मुंग्या आल्या बघ पायाला.” अव्वा समोरच होती. त्या हसण्यानंच ठरलं, असं अव्वानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

मला त्या वेळी यातलं काहीच माहीत नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला आप्पा म्हणाले, “चला, सोलापूर बघायला जाऊ. पाच दिस ऱ्हायचं.” आमचा आनंद गगनात मावेना. शेजाऱ्याची बैलगाडी निघाली होती. उजाडायच्या आत आम्ही गाडीत चढलो, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून. वाटभर मी रेवीला सोलापूर सांगत होते. मी ते कधी पाहिलं नव्हतं, पण ती विचारत होती, मग मी तरी काय करणार?

शहरातलं पहिलं नवल म्हणजे चाळीतला नळ. भिंतीतून पाणी येतं हे रेवीला पटेचना. ती नळाच्या मागं जाऊन बघून आली, तिथं कोण बसलंय का म्हणून. मग नळाखाली हात धरून उभी राहिली ती हलेना. बायका कळशा घेऊन खोळंबल्या, पण कुणी रागावलं नाही. मावशी दारातून बघत होती. तिच्या हातात पोळपाट तसाच राहिला होता.

आप्पांपाशी खर्चाला असं काही नव्हतं. जत्रेचे दिवस, गड्ड्याच्या मैदानावर पाळणे लागलेले, मिठाईची दुकानं, खेळण्यांचे ढीग. आप्पा आम्हांला त्या गर्दीतून नेताना म्हणायचे, “बघून घ्या. बघायला पैसं पडत न्हाईत.” आणि खरंच, आप्पांना दाखवायची कला होती. पाळण्यात बसता आलं नाही, पण त्यांनी आम्हांला अशा जागी उभं केलं की वर जाणाऱ्या प्रत्येक पाळण्यातली माणसं कशी डोळे मिटून घेतात ते दिसावं. आम्ही पोट धरून हसलो. मिरवणुकीत नंदीध्वजांच्या उंच काठ्या आल्या तेव्हा त्यांनी रेवीला खांद्यावर घेतलं. काठी तोलणाऱ्या माणसाच्या मानेची ताठ शीर मला अजून दिसते. रेवी वरून ओरडत होती, “अक्का, तुला दिसतंय का गं?” मला दिसत नव्हतं. मी म्हटलं, दिसतंय.

दुसऱ्या दिवशी विणकरांच्या गल्लीत गेलो. तिथं सगळे तेलुगू बोलणारे. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा पसरलेला, आणि दोन बायका कुंच्यानं त्याला खळ लावत मागंपुढं चालत होत्या. घराघरांतून मागांची खटखट. बांबूंवर लाल, हिरवं, जांभळं ओलं सूत वाळत घातलेलं, आणि त्याखाली जमिनीवर रंगीत थेंबांची नक्षी. रेवी त्या थेंबांवर पाय ठेवत चालली. तिचे तळवे लाल झाले. एका म्हातारीनं तिला हाक मारली, “रा अम्मा, रा.” शब्द कळले नाहीत, हाक कळली. म्हातारीनं लाल सुताचा एक तुकडा तिच्या वेणीला बांधला आणि गालावरून हात फिरवला. येताना रेवी म्हणाली, “अक्का, आपलं गाव असं रंगाचं का न्हाय?”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांच्या गिरणीच्या फाटकासमोर उभे राहिलो. भोंगा झाला तेव्हा रेवीनं दोन्ही कान झाकले आणि माझ्या परकरात तोंड लपवलं. मग फाटक उघडलं आणि माणसं बाहेर पडायला लागली. शेकड्यांनी. सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर, मिशांवर कापसाचे तंतू बसलेले. आमचे काकाही आले तसेच, पांढरे होऊन. रेवी घाबरून म्हणाली, “ह्यास्नी आत म्हातारं करत्यात व्हय?” काका एवढे हसले की खोकला लागला. त्यांनी डोकं झटकलं, केस काळे झाले, आणि रेवीनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, “काकाला तरणा कराय जाऊ या.”

चौथ्या दिवशी आगगाडी बघायला पुलावर गेलो. परतताना रेवीचे पाय दुखायला लागले. एक टांगेवाला शेजारून चालला होता, दाढी पिकलेला. त्यानं रेवीला लंगडताना पाहिलं आणि टांगा थांबवला. “बैठो मां. खाली टांगा जारा. पैसे नक्को.” आप्पा संकोचले, तर तोच मराठीत म्हणाला, “अहो बसा की. लेकरू किती चालंल?” असं आम्ही टांग्यातही बसलो. रेवी पुढं त्याच्याजवळ बसली होती, लगामाचं टोक हातात धरून. पेठेतून जाताना लोकांनी बाजूला व्हावं म्हणून ती ओरडत होती. मी मागून तिची पाठ बघत होते. इतकी सुखी पाठ मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी तेव्हा दिसूनही कळली नव्हती. रोज दिवेलागणीला चाळीत परतलो की आप्पा रेवीला विचारायचे, “आवडलं का गं गाव?” रेवी म्हणायची, “लई!” आणि मी, शहाणी, तिच्याहून मोठ्यानं म्हणायची, “तिला लई आवडलं, आप्पा. ती म्हणती, हितंच ऱ्हाऊ.” आप्पा मान हलवायचे. अव्वा कोपऱ्यात ज्वारी निवडत बसलेली असायची, ती ऐकून न ऐकल्यासारखी करायची. फिरायला ती आमच्याबरोबर यायची, पण मागं मागं चालायची. आम्ही तळं बघायचो तेव्हा ती रेवीला बघायची.

पुष्कळ वर्षांनी, मी शिकून मास्तरीण झाल्यावर, अव्वा एकदा म्हणाली, “रोज वाट बघत हुते गं मी. एक डाव जरी म्हणली असती, न्हाय आवडलं, घरला चला, तर गाडी जुपाय लावली असती. शबूद मोडला असता मी. पर पोर म्हणायची, लई.”

आणि तिच्या वतीनं मी म्हणायची.

पाचव्या दिवशी सकाळी अव्वानं मला नळावर नेऊन न्हाऊ घातलं. एवढी मोठी झाल्यावर ती मला कधी न्हाऊ घालत नसे. वेणी घालताना ती मागून बोलली. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलू शकली असेल. “गोदे, रेवी मावशीपाशी ऱ्हाणार हाय. आता ती मावशीची. आज आपुन जायचं.”

मी म्हटलं, “किती दिस?”

तिनं वेणी घट्ट आवळली. मग म्हणाली, “मावशी तिला तळ्यावर घिऊन जाईल माशास्नी कणकीच्या गोळ्या घालाय. तवर आपुन निघायचं. पर ती तुझं बोट सोडत न्हाय. तूच सांग तिला.”

“काय सांगू?”

“सांग, तू पुढं हो, मी आलेच.”

दहा वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. मी पळून जाऊन रेवीला सांगू शकले असते. रडू शकले असते, लोळण घेऊ शकले असते. मी काहीच केलं नाही. अव्वा घातलेली वेणी सोडून पुन्हा घालत होती आणि मला वाटलं, मी रडले तर ही मोडून पडेल.

दारात मावशी लुगडं नेसून उभी होती, हातात कणकीच्या गोळ्यांची वाटी. ती माझ्याकडं बघत नव्हती. रेवी म्हणाली, “अक्का, चल की.” माझं बोट तिच्या मुठीत होतं. मी दुसऱ्या हातानं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हटलं, “तू पुढं हो. मी आलेच.”

“बेगीनं ये हं. मासं संपत्याल.”

ती मावशीचा हात धरून गेली. चाळीच्या जिन्यावरून दोनदा मागं वळून बघितलं. पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा नुसतं बघितलं.

परतीच्या गाडीत अव्वा पाठमोरी बसली, सोलापूरकडं तोंड करून. धुराडी दिसेनाशी झाली तरी तशीच. शिवारात आलो तेव्हा कणसं भरली होती. कुणीतरी हुरडा भाजून आणून दिला. तो तसाच पडून राहिला, सकाळी शेरडांना घातला.

रेवीच्या शाळेची बातमी आली तशी अव्वानं मलाही शाळेत घालायचा हट्ट धरला. गावच्या शाळेत मी एकटी मुलगी. अव्वा म्हणायची, “ती तिकडं शिकती. उद्या दोघी भेटल्या तर एकीचं दुसरीला कळाय पायजे.” मी लिहायला शिकले आणि पहिलं पत्र रेवीला लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. उत्तर आलं नाही. मी शिकले, ट्रेनिंगला गेले, चार अक्षरांवर पोट भरायला लागले, ते सगळं त्या एका सकाळीमुळं. हे मनात आलं की शिकवताना खडू हातात तसाच राहतो.

दीड वर्षानं नागपंचमीला मावशी तिला घेऊन आली. रेवी उंच झाली होती, धीटपणानं बोलत होती. मावशीला आई म्हणत होती. अव्वाला तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “मावशी, बरी हायस का?” अव्वा “व्हय गं बाय” म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. माझ्याशी रेवी चांगलं बोलली. शाळेतल्या गमती सांगितल्या. झोक्यावर बसली. पण रानात जाताना मी हात पुढं केला तेव्हा ती म्हणाली, “येतं मला चालाय.”

ती तशीच राहिली, वर्षानुवर्षं. भांडली नाही, रुसली नाही. लग्नात माझ्या पाठीशी उभी होती, माझ्या पहिल्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू घेऊन आली. अव्वा गेली तेव्हा मात्र ती नव्हती. अखेरच्या दुखण्यात मी तार करते म्हटलं तर अव्वानंच हात धरला. “नगं. तिची आई तिकडं हाय. तिला दोन-दोनदा रडाय लावू नगं.” काका आधीच गेले होते, गेल्या वर्षी मावशीही गेली. शेवटचे सहा महिने रेवीनं तिला लेकरासारखं केलं. चाळीतली सगळी माणसं सांगतात, पोटची लेक करणार नाही एवढं केलं. रेवीचा नवराही गिरणीतच आहे, शांत माणूस. त्याच खोलीत दोघं राहतात. तिला दोन मुलं झाली. दोन्ही राहिली नाहीत. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात सांगितलं, आता पुन्हा नाही.

तर यंदा आम्ही गेलो. आमची थोरली आठ वर्षांची, मधली कुसुम चार वर्षांची, आणि कडेवरचा मुलगा. रेवीनं त्यांना सगळं दाखवलं. रंगीत सूत, आगगाडी, गिरणीचं फाटक. यांना सगळ्याचं अप्रूप. ते थोरलीला प्रत्येक गोष्टीची माहिती देत चालले होते. कुसुम पहिल्या दिवसापासून रेवीला चिकटली. रेवी तिला कडेवर घेऊन फिरायची, तिच्याशी बोबडं न बोलता मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायची. कुसुमला भात भरवताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी मागं मावशीच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. मला तिथं बसवेना.

तळ्यावर गेलो तेव्हा रेवी वरच्या रस्त्यावरच थांबली. “तुमी जाऊन या. मी हितंच बसते.” यांनी विचारलं, का हो? ती म्हणाली, “पायऱ्या लई हायत.” बावीस वर्षांची बाई. मी खाली गेले. मासे अजून तसेच येतात, काळ्या पाण्यातून तोंडं वर काढत. कुसुम टाळ्या वाजवत होती. मी वर बघितलं. रेवी आमच्याकडं पाठ करून बसली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे मुलांना घेऊन किल्ल्याकडं गेले. कुसुम जायला तयार नव्हती, रेवीनंच समजावून धाडली. खोलीत आम्ही दोघी. ती तांदूळ निवडत होती. मी दोन दिवस मनात घोळवत होते ते बोलून गेले. किती वर्षांचं ओझं होतं, कुठंतरी ठेवायचंच होतं.

“रेवे, कुसुमला तुझ्यापाशी ठेव.”

तिचा हात सुपात थांबला.

“मी ह्यांना सांगीन. ते नाही म्हणायचे नाहीत. ती तुला किती लागलीय बघ. तुझं घर भरेल. मला दोन आहेत अजून.” मी बोलतच राहिले. थांबले तर ऐकावं लागेल, अशी भीती वाटत होती.

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. आवाज चढवला नाही. “अक्का, त्या दिशी तळ्यावर काय झालं, तुला ठाव हाय?”

मी नकारार्थी मान हलवली.

“गोळ्या संपल्या. ऊन झालं. आई म्हणली, चल घरी. मी म्हणले, न्हाय, अक्का येती म्हणलीया. ती आली आन आपुन दिसलो न्हाय तर? चुकंल की ती. तिला हितलं काय ठाव न्हाय.” ती तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवत होती. “दिवं लागल्यावर काकानं मला उचलून नेलं. दुसऱ्या दिशी परत गेलो. आई रोज न्यायची मला. बिचारी न बोलता बसायची. किती दिस, ते आता सांगता येत न्हाय. एक दिस मीच म्हणले, आज नगं जायला.”

बाहेर नळावर कुणाची तरी कळशी भरून वाहत होती.

“तुझ्यावर राग न्हवता गं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, अक्का हरवली. आमच्यापायी हरवली. लई दिस तसंच वाटत हुतं. मग शाळंत जायला लागले, तुझं पत्र आलं. तवा कळलं, तू घरीच हुतीस.”

माफी मागावी तर तिचाही एक आकार असतो, तेवढी ती मोठी असावी लागते. माझ्यापाशी तेवढा मोठा शब्द नव्हता. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, धरलाही नाही.

“आईनं मला काय कमी केलं न्हाय,” ती म्हणाली. “देवानं दुसरा जलम दिला असता तरी मी तिच्याच पोटी मागितला असता. ते खरं हाय आन हे बी खरं हाय. पर कुसमीचं नाव काढू नगंस. तिला कोण सांगणार, मी आलेच म्हणून? थोरलीला सांगाय लावशील?”

मग मात्र मी रडले. सतरा वर्षांचं रडले. रेवी उठली, तिनं मला पाणी आणून दिलं आणि पुन्हा सूप घेऊन बसली. ती रडली नाही. दारात पोरांचे आवाज आले तशी ती म्हणाली, “तोंड धू. पोरं भितील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मोटार होती. रेवी अड्ड्यावर पोचवायला आली. कुसुमला तिनंच कडेवर घेतलं होतं. कुसुम तिच्या गळ्यात हात टाकून म्हणत होती, “तू पण चल.” रेवी म्हणाली, “मला कसं येता येईल? माझं घर हितं हाय. तू तुझ्या घरी जा. मी तुला खोटं सांगणार न्हाय.” कुसुम रडली, हात-पाय झाडले. रेवीनं तिला रडू दिलं. मग खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली आणि तिचे हात आपल्या गळ्यातून सोडवले. तिच्या पोलक्याच्या खांद्यावर कुसुमच्या डोळ्यांतलं पाणी ओलं दिसत होतं.

मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. हे बोचकी वर चढवत होते, थोरली खिडकीजवळच्या जागेसाठी भांडत होती. रेवीनं खिडकीच्या गजाला धरून आत डोकावलं. एकेका पोरावरून तिची नजर फिरली, मग यांच्यावरून, मग माझ्यावर येऊन थांबली.

“अक्का, सगळी बसली न्हवं?”

मी तिच्याकडं बघितलं. पौषातलं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं, डोळे बारीक झाले होते.

“व्हय,” मी म्हटलं. “बसली सगळी.”

तिनं गज सोडला आणि मोटार हलली.